चाळीस क्रेटमधले किती उघडायचे? सॅम्पलिंगचा नियम कॉम्प्युटरात कसा बसवतात



मागच्या उन्हाळ्यातली ती खेप बऱ्याच जणांना आठवत असेल. चाळीस क्रेट कटला-रोहू, रात्रीच बरफ घालून भरलेले. गाडी पोचली, व्यापाऱ्याच्या माणसानं वरचे तीन क्रेट उघडले, एकात कल्ले काळपट दिसले आणि तो सरळ म्हणाला, "सगळा माल असाच असंल." झालं, सगळ्या चाळीस क्रेटचा भाव पडला. ज्यांची मासोळी ताजी होती त्यांचेही पैसे कापले गेले. सोसायटीत दोन दिवस भांडण चाललं की तो काळा क्रेट कोणाचा.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण खरं ते खरंच. त्याआधीच्या एका खेपेत खालच्या थरात चार क्रेट नरम होते. वरचे तीन पाहून माल पास झाला. तेव्हा आपल्यापैकी कोणी भांडलं नाही.

दोन्ही वेळेला चूक एकच होती. किती क्रेट पाहायचे, कोणते पाहायचे, किती खराब निघाले तर माल परत, हे आधी कोणी ठरवलंच नव्हतं. आता मोठे खरेदीदार हे सगळं कॉम्प्युटरातल्या सॉफ्टवेअरवर चालवतात, आणि आपणही सोसायटीचा हिशोब त्यावर आणायच्या गोष्टी करतो आहोत. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये "सॅम्पलिंग प्रोसिजर" नावाची जी गोष्ट असते ती काय, ती कशी बसवतात आणि तिच्यात आपण कुठे फसू शकतो, ते आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा.

नमुना म्हणजे काय, हे भरवेलीला शिकवायची गरज नाही

आपल्या गावात मॉयलची मॅंगनीजची खदान आहे. ज्यांच्या घरात कोणी खदानीत आहे त्यांना माहीत आहे की ढिगाऱ्यातला सगळाच दगड प्रयोगशाळेत कोणी नेत नाही. नमुना काढायची जुनी रीत अशी: ठिकठिकाणचा माल घेऊन त्याचा शंकूसारखा ढीग करायचा, तो दाबून चपटा करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन मिसळून पुन्हा ढीग. असं करत करत मूठभर माल उरतो आणि त्यावर अख्ख्या ढिगाचा ग्रेड ठरतो. ग्रेडवर भाव ठरतो. म्हणजे मूठभर मालावर लाखोंचा व्यवहार चालतो आणि तरी रोज भांडण होत नाही. कारण मूठ कशी भरायची ते ठरलेलं असतं.

आपल्यात म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. पण ही म्हण भातालाच लागू पडते, कारण भात एका भांड्यात एका आचेवर शिजतो. चाळीस क्रेट एका भांड्यात शिजत नाहीत. एक डोंगा पहाटे चारला परत येतो, दुसरा सातला. कोणी मासोळी काढल्याबरोबर बरफात टाकतो, कोणी बांधावर तासभर ठेवतो. म्हणून एका क्रेटवरून चाळिसाची परीक्षा होत नाही. खदानीत माल मिसळतात, आपल्याला मासोळी मिसळता येत नाही. मंग उपाय एकच राहतो: क्रेट चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि पुरेसे निवडायचे.

पुरेसे म्हणजे किती? इथे थोडा हिशोब करू. चाळीस क्रेट आहेत आणि त्यात चार खराब आहेत असं धरा. चिठ्ठीनं तीन उघडले, तर शंभरातल्या ७२ वेळा तिन्ही चांगलेच निघतात. म्हणजे चार वेळा तपासलं तर जवळपास तीन वेळा खराब माल दिसतच नाही. आठ उघडले तर न दिसण्याची शक्यता ७२ वरून ३९ वर येते. कमी झाली, संपली नाही. हे आकडे पाहून मीही चमकलो होतो. आपल्याला वाटतं तीन क्रेट पाहिले म्हणजे तपासणी झाली. तीन क्रेट पाहणं म्हणजे बहुतेक वेळा नुसता पाहिल्याचा समाधान.

बरं, बरेच जण म्हणतात "दहा टक्के पाहा, विषय संपला." सॉफ्टवेअरमध्येही टक्केवारीचा पर्याय असतो आणि नवा माणूस तोच निवडतो कारण तो सोपा वाटतो. पण वीस क्रेटच्या खेपेत दहा टक्के म्हणजे दोनच क्रेट. त्यात दोन खराब असले तर शंभरात ८० वेळा ते सुटून जातात. उलट चारशे क्रेटची खेप असेल तर दहा टक्के म्हणजे चाळीस क्रेट उघडा, आणि तेवढ्याच प्रमाणात खराबी असली तर ती सुटण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. म्हणजे लहान खेपेला नियम ढिला आणि मोठ्या खेपेला नको तेवढा कडक. मोठ्या खेपेत चाळीस क्रेट उघडून बसलं तर तपासणीतच बरफ विरघळतो. टक्केवारी मासोळीच्या कामाची नाही, हे माझं स्पष्ट मत.

तक्ता आधीच तयार आहे

हा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी यावर काम केलं. दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या खरेदीसाठी असले तक्ते वापरात आले, त्यातूनच १९५० साली मिल-स्टँडर्ड-१०५ नावाचा तक्ता निघाला. आज जगभर चालतो तो आयएसओ २८५९, आणि आपल्याकडचं भारतीय मानक आयएस २५००. सगळ्यांचं मूळ एकच.

आपल्या माणसांचाही या विद्येत मोठा हात आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकाचं उत्पन्न काढायला यदृच्छेनं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे प्लॉट निवडून कापणी करायची पद्धत देशात रुजवली. पीक विम्यासाठी गावात जो कापणी प्रयोग होतो त्यामागे हाच विचार आहे. चांगलं शेत दाखवायचं की वाईट, हे शेतकऱ्यानंही ठरवायचं नाही आणि साहेबानंही नाही.

तक्ता वाचायची रीत सांगतो. आधी खेपेचा आकार पाहायचा. २६ ते ५० नग असतील तर साधारण पातळीच्या तपासणीत "डी" हे अक्षर येतं आणि डी म्हणजे ८ नग तपासा. ५१ ते ९० असतील तर "ई", म्हणजे १३. ९१ ते १५० ला २०, १५१ ते २८० ला ३२, २८१ ते ५०० ला ५०. बघा, खेप दहापट झाली तरी नमुना दहापट होत नाही. टक्केवारीत हीच समज नसते.

मग दुसरा आकडा येतो, त्याला एक्यूएल म्हणतात. समजा दोन्ही पक्षांनी ६.५ ठरवला. तक्ता सांगतो: ८ पाहा, १ खराब निघाला तर माल घ्या, २ निघाले तर परत. ५० पाहिले तर ७ पर्यंत घ्या, ८ ला परत.

इथे एक मोठा गैरसमज आहे तो आत्ताच काढून टाका. एक्यूएल ६.५ म्हणजे "साडेसहा टक्के खराब माल द्यायची परवानगी" नव्हे. आणि साडेसहाच्या वर गेलं की पकडलं जाईल, असंही नाही. आठ पाहून एक चालवून घ्यायचा हा नियम चाळीस क्रेटला लावला आणि त्यात चार खराब असले, तर शंभरातल्या ८३ खेपा पास होतात. दहा खराब असले, म्हणजे चौथा हिस्सा सडका, तरी ३४ खेपा पास होतात! हा तक्ता मूळ विकणाऱ्याला सांभाळून घेणारा आहे. चांगला माल विनाकारण परत जाऊ नये, ही त्याची पहिली काळजी. घेणाऱ्याचं रक्षण तो एका खेपेत करत नाही, खेपांच्या रांगेत करतो. ते कसं, ते पुढे येतं.

म्हणून आपण विकायला बसलो असू तेव्हा हा तक्ता आपल्या फायद्याचा. आपण मत्स्यबीज विकत घेत असू तेव्हा तोच तक्ता आपल्याला पुरत नाही. ज्या टेबलावर बसाल त्याप्रमाणे नियम मागा.

सॉफ्टवेअरमध्ये हे कुठे कुठे भरावं लागतं

मोठ्या कंपन्यांत बहुतेक सॅप नावाचं सॉफ्टवेअर असतं. आपल्यासारख्यांना ते परवडणारं नाही, पण आपला माल घेणारा ते वापरत असेल तर आपलं नाव त्याच्या सॅपमध्ये असतं. म्हणून आतून ते कसं चालतं हे कळलेलं बरं.

सॅपमध्ये या कामाचे तुकडे केलेले आहेत आणि नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. "सॅम्पलिंग प्रोसिजर" हा एक तुकडा. त्यात दोन गोष्टी ठरतात: नमुना किती घ्यायचा आणि निकाल कसा लावायचा. किती घ्यायचा याला चार मार्ग आहेत, ठरावीक नग, टक्केवारी, सगळाच माल, किंवा तक्त्यावरून. तक्त्यावरून म्हटलं की दुसरा तुकडा लागतो, "सॅम्पलिंग स्कीम". वर सांगितलेला तक्ता त्यात भरलेला असतो. निकाल लावायचेही प्रकार आहेत: खराब नग मोजा, की दोष मोजा, की वजन-तापमानासारखा आकडा घेऊन त्याच्या सरासरीवर ठरवा, की माणसानंच हातानं पास-नापास करावं.

हे झाल्यावर येतो "इन्स्पेक्शन प्लॅन". आपल्या भाषेत, काय काय पाहायचं त्याची यादी. कल्ल्यांचा रंग, डोळे, वास, मांस दाबून पाहणं, आतलं तापमान, वजन. प्रत्येक ओळीला स्वतःची प्रोसिजर जोडता येते, आणि जोडायलाच पाहिजे. वजन तर सगळ्या क्रेटचं काट्यावर होतंच, तिथे नमुन्याचा प्रश्नच नाही. कल्ले आणि वास आठ क्रेटमध्ये पाहा. तापमान चार-पाच क्रेटमध्ये काटा टोचून पाहिलं तरी चालतं, पण त्यातला एक क्रेट अगदी तळचा हवा. सगळ्या ओळींना एकच प्रोसिजर लावून मोकळं होणं हा आळस आहे, आणि तो लय ठिकाणी दिसतो.

एक अडचण लक्षात ठेवा. कल्ले "लाल की काळे" ही हो-नाही ची गोष्ट आहे, तापमान हा आकडा आहे. आकड्यासाठी बनवलेली प्रोसिजर हो-नाहीच्या ओळीला जोडली तर सॉफ्टवेअर ती घेत नाही. पोरं म्हणतात सिस्टीम बिघडली. सिस्टीम बिघडलेली नसते, जोडी चुकलेली असते.

हे सगळं बसलं की मालाच्या मुख्य नोंदीत, म्हणजे मटेरियल मास्टरमध्ये, तपासणी चालू करावी लागते. खरेदीवर येणाऱ्या मालासाठी तिथे ०१ नंबरचा तपासणी प्रकार असतो. तो चालू केला नाही तर वरची सगळी मेहनत कागदावरच राहते. चालू केला की माल दारात उतरल्यावर सॉफ्टवेअर आपोआप "इन्स्पेक्शन लॉट" काढतं, किती नग पाहायचे ते सांगतं, आणि निकाल लागेपर्यंत तो माल तपासणी साठ्यात अडकवून ठेवतं. तपासणाऱ्यानं आकडे भरले, वरच्या माणसानं शेवटचा निर्णय दिला, की माल मोकळा होतो किंवा रोखला जातो.

या अडकण्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. सिमेंट दोन दिवस तपासणीत अडकलं तर काही होत नाही. मासोळी अडकली तर ती तपासणीमुळेच खराब होते. म्हणून खरेदीदाराशी बोलताना पहिला प्रश्न हा विचारा, भाऊ, तुमच्याकडे निर्णय किती वेळात होतो आणि तोवर माल बरफात ठेवायची जबाबदारी कोणाची? हे लेखी घ्या.

किलो की क्रेट? इथे सगळे फसतात

सगळ्यात महागाची चूक ही आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

आपण मासोळी किलोत विकतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये मालाचं मूळ माप किलो असतं. चाळीस क्रेट, प्रत्येकी तीस किलो, म्हणजे खेप १,२०० किलो. आता तक्त्याला कोणी सांगितलं नाही की आपण क्रेट मोजतो आहोत. त्याला नुसता १,२०० आकडा दिसतो. ५०१ ते १,२०० चं अक्षर "जे", आणि जे म्हणजे ८० नमुने. तपासणाऱ्याच्या पडद्यावर येतं: ८० तपासा. ऐंशी काय? किलो? मासे? क्रेट तर चाळीसच आहेत! मग तो माणूस वैतागून वरचे तीन उघडतो आणि ८० मध्ये शून्य खराब असं ठोकून देतो. कागद स्वच्छ आणि तपासणी खोटी. अशा ठिकाणी माणूस अप्रामाणिक असतोच असं नाही, नियमच असा बसवलेला असतो की पाळताच येत नाही.

यावर उपाय असा की नमुन्याचं माप वेगळं ठरवायचं. तपासणीच्या ओळीत नमुन्याचं एकक आणि त्याचं मूळ मापाशी नातं भरायची सोय असते. किंवा तक्ता न लावता "ठरावीक ८ क्रेट" अशी साधी प्रोसिजर करायची. आपल्या खेपा तीस ते पन्नास क्रेटच्याच असतात, त्यामुळे मला तर दुसरा मार्ग बरा वाटतो. तक्त्यातून जे उत्तर येणार तेच हातानं लिहायचं. दिसायला साधं, पण चुकायला जागा कमी.

पण तरी एक प्रश्न उरतो. क्रेट खराब म्हणजे काय? क्रेटमध्ये वीस मासे, त्यात एक नरम निघाला, तर क्रेट खराब? की तीन निघाले तर? हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. हे दोन्ही पक्षांनी बसून ठरवायचं आणि प्लॅनमध्ये शब्दांत लिहायचं. ते लिहिलं नाही तर तक्ता कितीही शास्त्रीय असो, भांडण जसंच्या तसं राहतं.

एक वाईट खेप किती दिवस पाठ धरते

आता ती खेपांच्या रांगेची गोष्ट. तक्त्याचे तीन स्वभाव असतात: साधारण, कडक आणि सैल. सुरुवात साधारणपासून होते. लागोपाठच्या पाच खेपांत दोन परत गेल्या, की तपासणी कडक होते. आपल्या चाळीस क्रेटच्या खेपेला तेव्हा ८ ऐवजी १३ क्रेट उघडतात आणि तरी एकच खराब चालतो. लागोपाठ पाच खेपा पास झाल्या तरच पुन्हा साधारण. कडक असताना एकूण पाच खेपा परत गेल्या तर मानक सांगतं, या माणसाकडून घेणंच थांबवा, तो सुधारेपर्यंत. उलट बराच काळ माल चांगला येत राहिला तर तपासणी सैल होते, कमी क्रेट उघडतात आणि गाडी लवकर मोकळी होते.

सॅपमध्ये हे काम "डायनॅमिक मॉडिफिकेशन रूल" करतो, आणि कोणत्या पुरवठादाराचा कोणता माल सध्या कोणत्या पायरीवर आहे याची नोंद तो स्वतः ठेवतो. म्हणजे त्या कॉम्प्युटरात आपल्या सोसायटीच्या नावापुढे एक पायरी लिहिलेली आहे. एका सभासदानं शिळी मासोळी दडपून दिली, तर ती खेप जाते आणि शिवाय सगळ्यांची पायरीही खाली येऊ शकते. पुढच्या पाच खेपा ती सगळ्यांना भोवते.

याच रूलमध्ये एखादी तपासणी सरळ वगळायचीही सोय असते, म्हणजे दर काही खेपांनंतर एकदाच पाहायचं. खिळे-नटबोल्टाला ते चालतं. मासोळीला चालत नाही. कालच्या खेपेचं तापमान आजच्या खेपेबद्दल काहीच सांगत नाही, मधे एक ऊन गेलेलं असतं.

आपल्या बाजूनं यावर करायचं ते हे: प्रत्येक क्रेटवर कोणाचा, कोणत्या तलावाचा, किती वाजता काढला, याचा बॅच नंबर. खराब क्रेट निघाला तर तो कोणाचा ते लगेच कळेल आणि बाकीच्यांचे पैसे कापले जाणार नाहीत. मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस जे भांडण चाललं ते एका चिठ्ठीनं पाच मिनिटांत मिटलं असतं.

आपल्या खिशातलं सॉफ्टवेअर

आपल्यासाठी ईआरपीनेक्स्ट पाहायला हरकत नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं बनवलेलं, मुक्त-स्रोत, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. सर्व्हर आणि बसवणाऱ्याचा खर्च मात्र असतो, फुकट म्हणून कोणी सांगितलं तर पूर्ण ऐकून घ्या. त्यात वस्तूच्या नोंदीत "खरेदीआधी तपासणी आवश्यक" अशी खूण असते. तपासणीचा एक साचा बनवायचा, त्यात कल्ले, वास, तापमान अशा ओळी आणि आकड्याला कमाल-किमान मर्यादा. तपासणी केल्याशिवाय माल आवक पक्की होऊ द्यायची नाही की नुसती सूचना द्यायची, हेही ठरवता येतं. मी म्हणेन, पहिले दोन महिने सूचना, नंतर अडवणूक. पहिल्याच दिवशी अडवलं तर लोक सॉफ्टवेअरच सोडून वहीवर जातील. नमुन्याचा आकडा त्यात आपण भरायचा. थोडा नमुना वेगळा राखून ठेवायचीही सोय आहे, पुढे वाद झाला तर दाखवायला. आपल्याला त्यासाठी डीप फ्रीजर लागेल, ही वेगळी गोष्ट.

मत्स्यबीज: इथे आपण घेणारे असतो

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्यप्रदेशात मासेमारी बंद असते आणि त्याच पावसात बीज सोडायची घाई असते. बीजाच्या प्लास्टिकच्या पिशव्या ऑक्सिजन भरून येतात, विकणारा म्हणतो पिशवीत हजार आहेत, आपण मान हलवतो. वर्षभराचं उत्पन्न या एका मान हलवण्यावर असतं.

जुनी कप-मोजणी सगळ्यांना येते: एक कप भरून त्यातली पिल्लं मोजायची आणि कपांच्या संख्येनं गुणायचं. पण मोजायच्या पिशव्या कोणत्या? विकणारा हातात देतो त्या? नाही. पिशव्यांना नंबर घाला आणि चिठ्ठी टाका.

समजा साठ पिशव्या आल्या आणि पाच मोजल्या. निघाले ९४०, १०१०, ८७०, ९०५, ९७५. सरासरी ९४०. साठ पिशव्यांचे झाले ५६,४००, म्हणजे ३,६०० कमी. आता भांडायला उठू नका, बसा. पाचच पिशव्यांत एवढा चढउतार असेल, तर खरी सरासरी ८७० पासून १,०१० पर्यंत कुठेही असू शकते. त्यात हजारही बसतो. विकणारा म्हणेल तुमच्या वाट्याला हलक्या पिशव्या आल्या, आणि त्याचं म्हणणं खोटं पाडता येणार नाही. पण दहा पिशव्या मोजल्या आणि सरासरी व चढउतार साधारण तेवढाच राहिला, तर हा पल्ला ९०० ते ९८० वर येतो. हजार बाहेर गेला. आता पैसे कापायला मजबूत आधार आहे. पाच पिशव्यांच्या जास्त मोजणीला दोन माणसं आणि एक तास लागतो. मोजणी सावलीत आणि पटापट करा, नाहीतर हिशोब बरोबर येईल आणि बीज मरेल.

सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ "आकडा" प्रकारची ठेवायची, नमुना १०, किमान मर्यादा करारात ठरेल ती. मेलेली पिल्लं आणि भलत्या जातीची पिल्लं, याच्या दोन ओळी वेगळ्या.

जिथे एकही चालत नाही

काही गोष्टींत "एक खराब चालेल" असं म्हणता येत नाही. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून केवढा गदारोळ झाला, बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीच आली. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं फॉर्मेलिन आणि अमोनिया जागच्या जागी ओळखणारे किट बाजारात आणले. अशा तपासणीला प्रोसिजर वेगळी लागते: नमुन्यात एकही निघाला तर अख्खी खेप रोखा. साल्मोनेलासाठीही अन्न सुरक्षेचा नियम असाच आहे, पाच नमुने, प्रत्येकी २५ ग्रॅम, पाचातल्या एकातही आढळता कामा नये. फॉर्मेलिनची ओळ आणि कल्ल्यांची ओळ एकाच प्रोसिजरवर ठेवली तर कॉम्प्युटर "एक चालतो" म्हणून फॉर्मेलिनचा माल पास करेल. तो त्याच्या जागी बरोबर असेल, आपण त्याला तसंच सांगितलेलं असेल.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. क्रेटमध्ये किती मासे नरम निघाले तर क्रेट खराब धरायचा. चिठ्ठी कोणी काढायची, माझ्या मते गाडीवाल्यानं, त्याला ना आपलं सोयरसुतक ना व्यापाऱ्याचं. आणि बॅचच्या पट्ट्या छापील आणायच्या की हातानं लिहायच्या. हातानं लिहायच्या असतील तर ओल्या हातात टिकणारा मार्कर लागेल, साधी शाई बरफाच्या पाण्यात पुसते. येताना ज्यांच्याकडे मागच्या खेपांच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन या, त्यावरून पाच खेपांतल्या किती परत गेल्या ते मोजता येईल.